वीस मिनिटांची कडी

पान १ : वस्तू

बाथरूमच्या दाराची आतली कडी. पत्रा वाकलेला. स्क्रूची भोकं सैल, त्यात काडेपेटीच्या काड्या ठोकून स्क्रू पुन्हा बसवलेले. दाराच्या बाहेरच्या अंगाला, जमिनीपासून ३१ सेंटिमीटरवर, चेपल्याच्या सात खुणा.

घर बुकित बातोक या उपनगरात, नवव्या मजल्यावर. योगिनीताई आणि शशिकांतदादांचं. त्यांच्याकडे मी एक खोली भाड्याने घेतली आहे. दादा मरीन इंजिनिअर. आठ-आठ दिवस जहाजांवर, मग घरी.

डिझाइनच्या शिक्षिका मिस लिम यांनी दिलेलं काम : राहत्या घरातली एक वस्तू निवडा, वापरणाऱ्यासाठी नव्याने करा. त्याला विचारू नका. झीज बघा. माणूस खोटं बोलतो, झीज खोटं बोलत नाही.

प्रिपरेटरी वर्षाचा हा शेवटचा प्रोजेक्ट. जमला तर पदवीला प्रवेश. नाहीतर स्टुडंट पास, म्हणजे या देशात राहायचा परवाना, संपला, आणि मी कोल्हापूरला, वडिलांच्या लेथवर.

पान २ : चूक

मी विचारलं.

"पाण्यानं दार फुगतं गं गार्गी," योगिनीताई म्हणाल्या. "लाथ घालावी लागते."

खुणा मी बरोबर काढल्या होत्या. लोखंडी नाकाच्या बुटाच्या, सातही. घरात बूट कोण घालतं? हा प्रश्न वहीत लिहिला, आणि त्याच्याखाली फुगलेल्या लाकडाची आकृती काढली.

पान ३ : नमुना

दहा मिलिमीटरचा स्टीलचा दांडा. बावीस सेंटिमीटरची पट्टी, आठ लांब स्क्रू. गुरुवारी बसवली. योगिनीताईंनी सरकवून बघितली, पुन्हा सरकवली.

"किती टिकेल?"

"तीस वर्षं!"

"तीस वर्षं काय करू? वीस मिनिटं टिकली तरी बास. वीस मिनिटांत ह्यांना धाप लागते."

मग त्या भेंडी चिरायला बसल्या.

"ताई, पोलिसांना..."

"माझा पास त्यांच्या पासला बांधलाय, बाळा. तू तुझं कॉलेज बघ."

मी कॉलेज बघितलं. शुक्रवार, शनिवार.

पान ४ : चाचणी

रविवार. दुपारी एक दहा. दादा आले, बूट न काढता हात धुवायला गेले, परत आले.

"कडी कुणी बसवली?"

"मी, दादा. प्रोजेक्ट आहे."

"वा. छान काम आहे." मग योगिनीताईंकडे वळून, "कुणापासून लपायचंय गं?"

दादांनी ताईंचे केस धरले आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. दोनदा. वरणाच्या वाटीत दात पडला. मी दादांचा हात धरला. त्यांनी मला भिंतीवर फेकलं आणि खुर्ची उचलली. योगिनीताईंनी मला दंडाला धरून ओढलं, बाथरूममध्ये ढकललं.

"लाव! कडी लाव!"

लावली. त्या बाहेर, मी आत.

१.१४. पहिली लाथ. दुसरी. तिसरी. आठही स्क्रू जागेवर. (मला अभिमान वाटला. हे वाक्य खोडायचं आहे.) पोलिसांच्या ९९९ला फोन केला. पत्ता सांगितला.

१.१७. दारावरच्या लाथा थांबल्या. मऊ कशावर तरी पडू लागल्या.

"दादा, सोडा! दादा!" हे मी. त्यांनी दारापलीकडून सांगितलं, "तू बाहेर ये, मग सोडतो."

"येऊ नकोस!" योगिनीताई. मग पुन्हा, बारीक, "नको."

मग त्यांचा आवाज आलाच नाही. लाथांचा येत राहिला.

१.२०. वीस मिनिटांतली चौदा शिल्लक.

फ्लशच्या टाकीचं झाकण चिनी मातीचं असतं. जड असतं. ते उचललं, कडी सरकवली.

पहिला घाव दादांच्या खांद्यावर बसला. ते वळले, त्यांनी दार माझ्या उजव्या हातावर आपटलं. दोन बोटं मोडल्याचं ऐकू आलं. दुसरा घाव डाव्या हाताने, तोंडावर. झाकण फुटलं. उरलेल्या तुकड्याने तिसरा. आणखी मारायचे होते. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि रक्ताच्या हातांनी बुटाची नाडी सोडू लागले, आत्ताच घरी आल्यासारखे.

योगिनीताईंच्या नाकाशी हात धरला. श्वास होता.

पान ५ : निष्कर्ष

वस्तू पोलिसांकडे आहे. ही आकृती डाव्या हाताने काढली आहे.

योगिनीताईंचा जबडा तारांनी बांधला आहे. केस चालेपर्यंत त्यांना इथे राहता येईल, असं सांगितलंय. पुढचं माहीत नाही. काल त्यांनी माझ्या वहीत लिहिलं, "मूर्ख मुली. येऊ नकोस म्हटलं होतं."

मिस लिम यांनी आकृती बराच वेळ बघितली. वापरणारं कोण, हे विचारलं नाही.

"किती वेळ टिकली?"

"सहा मिनिटं."

"मग तुटली?"

"नाही मिस. मी उघडली."