शक्तिदीप आणि वीस घोडे

गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टायरच्या चळतींवर माणसं बसली होती, ऑइलच्या पिंपांवर बसली होती, आणि ज्यांना काहीच मिळालं नव्हतं ती शटरपाशी टाचा उंचावून उभी होती. सगळ्यांच्या नजरा पडद्यावरच्या अश्वशक्तीच्या आकड्यावर खिळल्या होत्या. मघाशी तिथे दोनशे सत्त्याण्णव होतं. आता तीनशे सतरा झालं होतं. म्हणजे बोटाएवढ्या एका कांडीने गाडीत वीस घोडे घातले होते.

"वीस घोडे," कोणीतरी हळूच म्हणालं. "इंजिनाला हात न लावता."

"हात कशाला लावायचा?" स्पंदनगुरू शांतपणे म्हणाले. अंगात पांढराशुभ्र डगला, त्यावर ग्रीसचा ठिपकाही नाही. "धातूला स्मृती असते. या इंजिनाला कारखान्यात, अगदी बालपणी, धक्का बसलेला आहे. ते घाबरून धावत होतं. माझी कांडी त्याची समजूत काढते."

पहिल्या रांगेत, गॅरेजमधल्या एकुलत्या एका धड खुर्चीवर ताई बसल्या होत्या. शाळेत आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. गाड्यांमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं आणि त्यांचा तसा दावाही नव्हता. त्या इथे आल्या होत्या धाकट्या भावापायी.

भाऊ दातांचा डॉक्टर. वय पन्नाशीचं, पण ताईंच्या लेखी अजून बाळ्याच. त्याच्याकडे एक लाल, बुटकी, वेगवान गाडी होती आणि पुढच्या आठवड्यात तिला घाटाच्या चढावरच्या शर्यतीत उतरवायची होती. त्यासाठी इंजिनाचा जोर वाढवायचा, पण कसा? इंजिनात जादा हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवायचा, की सुपरचार्जर, की नुसतं गाडीच्या संगणकातलं गणित बदलायचं? या तीन पर्यायांनी त्याने घरच्यांना सळो की पळो केलं होतं. जेवताना तो चमचे मांडून बायकोला टर्बो समजावायचा. दवाखान्यात तर आणखीच सोय होती. पेशंटच्या तोंडात कापूस, त्यामुळे 'पुरे' म्हणायची कुणाची टाप नव्हती.

आणि अशात त्याला स्पंदनगुरू भेटले. सगळेच पर्याय बाजूला पडले. एक कांडी पेट्रोलच्या नळीला चिमट्याने लावायची, की झालं.

इथवर ताईंनी दुर्लक्ष केलं असतं. पण काल फोनवर बाळ्या सहज म्हणाला, "आणि ताई, नवीन ब्रेकही नको म्हणालेत ते. नवा धातू लावला की जुळलेली स्पंदनं बिघडतात. मी ब्रेकची ऑर्डर रद्द करतोय."

"जुने ब्रेक कसे आहेत?"

"झिजलेत थोडे. पण गुरू म्हणतात, ज्याचं मन थांबायचा विचार करतं त्याची गाडी काय पळणार?"

ताईंनी फोन ठेवला आणि लगेच वहिनीला, म्हणजे बाळ्याच्या बायकोला, फोन करून सांगितलं, "उद्या गॅरेजात मीही येते."

गॅरेजच्या मधोमध जमिनीत दोन जाडजूड रोलर बसवलेले होते. गाडीची मागची चाकं त्यांवर चढवायची, गाडी जागच्या जागी धावते, आणि तिने रोलर किती जोराने फिरवले ते यंत्र मोजतं. शेजारच्या स्टँडवरून एक तार लोंबत होती, तिच्या टोकाला पेन्सिलीएवढी धातूची नळी. आणि त्याच स्टँडवर गुरूंनी आपला 'शक्तिदीप' अडकवला होता. बाळ्याच्या गाडीच्या पहिल्या फेरीला तो विझलेला होता. कांडी लावल्यावर गुरूंनी तो पेटवला, सगळ्यांना डोळे मिटून इंजिनाबद्दल माया बाळगायला सांगितलं, आणि मग दुसरी फेरी झाली.

ताईंनी डोळे मिटले नव्हते. त्या लाल दिव्याकडेच बघत होत्या. कारण अगदी असाच दिवा गेला महिनाभर फिजिओथेरपीवाली बाई शेकायला त्यांच्या गुडघ्यावर धरत होती.

"उस्ताद," त्यांनी गॅरेजमालकाला हाक मारली. "ही तार कसली हो?"

"हवेचं तापमान मोजते, बाई. गरम हवा विरळ असते, त्यात इंजिनाचा जोर कमी पडतो. म्हणून खोली गरम असेल तर यंत्र तेवढा जोर हिशेबात वाढवून दाखवतं. उन्हाळ्यात मोजलेली गाडी आणि हिवाळ्यात मोजलेली गाडी सारख्या मापाने बघता यावी म्हणून."

"असं होय. मग पडद्याच्या कोपऱ्यात पंचावन्न लिहिलंय ते काय?"

उस्ताद वाकला. चष्मा वर केला, खाली केला. "तापमान."

"या खोलीत पंचावन्न? मी शाल पांघरून बसलेय."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. गुरूंनी मंद स्मित केलं. "माताजी, ती साधी उष्णता नाही. ती मुक्त झालेली ऊर्जा आहे."

"असेल. मला शिकून घ्यायचंय," ताई म्हणाल्या. "आपण एवढंच करू. कांडी काढा. दिवा राहू द्या. आणि गाडी पळवा."

"कांडी अशी मधेच काढता येत नाही. इंजिन दुखावेल."

"दुखावलं तर समजूत काढायला तुम्ही आहातच की."

आता मात्र सगळी माणसं हसली, आणि हसलेल्या गर्दीसमोर नाही म्हणणं गुरूंना जमलं नाही. बाळ्याने पडलेल्या चेहऱ्याने कांडी काढली आणि गाडीत बसला. गाडी गरजली, शटर थरथरलं, पडद्यावर आकडा आला. तीनशे सतरा.

"कांडीचा परिणाम मागे रेंगाळतो," गुरू घाईने म्हणाले.

"बरं. मग आता कांडी परत लावा आणि दिवा विझवा. म्हणजे रेंगाळलेला आणि नवा, दोन्ही मिळतील."

उस्तादने स्वतःच पुढे होऊन दिवा विझवला. तार हातात घेऊन पंख्यासमोर धरली, थंड होईपर्यंत. पुन्हा गाडी गरजली. दोनशे सत्त्याण्णव.

उस्तादच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. यंत्र त्याचं होतं, आणि गर्दीच्या आनंदात त्याने कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहिलंच नव्हतं.

"माझा चहा कुठाय?" ताईंनी विचारलं. पोऱ्याने नुकताच आणलेला कप अजून वाफाळत होता. त्यांनी तारेच्या टोकाची नळी त्यात सोडली. "कांडी काढ रे बाळ्या. आता चहावर पळव."

तीनशे अठ्ठावीस.

मग जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. पिंपावर बसलेला एकजण घसरून खाली आला. "बाई, साखर कमी घातली तर किती देईल?" कोणीतरी विचारलं.

हसला नाही तो बाळ्या. तो कांडी हातात घेऊन उभा होता. उस्तादकडून त्याने कानस मागितली, टोपण घासून उघडलं आणि आतली पांढरी भुकटी बोटांत चोळली. क्षणभर वास घेतला.

"प्लास्टर आहे," तो म्हणाला. "दातांचा साचा ओतायला आम्ही वापरतो तेच. पोतंभर पडलंय माझ्याकडे." आणि मग, बऱ्याच हळू आवाजात, "ताई, मी ब्रेक रद्द केले होते ग."

"परत मागव. अजून वेळ आहे."

एवढ्यात गुरूंना फोन आल्याचं आठवलं. ते बोलत बोलत बाहेर गेले आणि बोलत बोलत कोपऱ्यावरून दिसेनासे झाले. दिवा तिथेच राहिला.

पण एक वकील जागचे हलले नव्हते. त्यांच्या गाडीत दोन कांड्या होत्या. "बाई, तुमचं सगळं मान्य. पण माझी गाडी खरंच हलकी पळते हो. मला जाणवतं."

ताईंना त्यांचा राग आला नाही. वर्गातही शेवटच्या बाकावरून असाच प्रश्न यायचा आणि तो त्यांना आवडायचा. "जाणवत असेल," त्या म्हणाल्या. "नवी चप्पल घातली की मलाही वाटतं आपण भराभर चालतोय. वाटू द्यावं. पण त्या वाटण्यावर कुणी नवे ब्रेक टाळायला सांगितलं तर थांबावं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि मोजावं. मोजणारं यंत्र काय मोजतंय तेही विचारावं. विचारल्याने जे खरं आहे त्याचं काही बिघडत नाही. विचारू नका असं जो सांगतो, त्याच्या दिव्याकडे जरा नीट बघावं."

वकिलांनी मान हलवली. पटलं की नाही कळलं नाही, पण त्यांनी उस्तादला विचारलं, "रोलरवर माझी गाडी कधी घेता?"

बाळ्यानेही उस्तादला शेवटी सरळ विचारलं, आणि उस्तादने सरळ सांगितलं. मोठा टर्बो जोर भरपूर देतो, पण उशिरा देतो आणि एकदम देतो, वळणावर तो अंगावर येतो. सुपरचार्जर लगेच देतो, पण इंजिनाचा थोडा जोर स्वतःच खातो. संगणकातल्या गणिताने थोडंफार मिळेल, मात्र उष्णता वाढेल. "घाटासाठी मी सुपरचार्जर म्हणेन. पण डॉक्टरसाहेब, तो आठवड्यात बसत नाही. यंदा ब्रेक आणि टायर. इंजिन आहे तसं चांगलं आहे."

बाळ्याने ऐकलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याने चौथा प्रश्न विचारला नाही.

शर्यतीच्या दिवशी ताई चढाच्या माथ्यावर वहिनीबरोबर उभ्या होत्या. लाल गाडी आली ती अपेक्षेपेक्षा उशिरा. बाळ्या उतरला आणि काय झालं ते सांगू लागला. मधल्या वळणापलीकडे दरडीचा एक दगड रस्त्यात येऊन पडला होता, गुडघाभर उंचीचा. वळण संपेपर्यंत तो दिसलाच नव्हता.

"किती अंतरावर थांबलास?" ताईंनी विचारलं.

त्याने दोन्ही हात समोर धरले, उशी धरावी तेवढे दूर. वहिनीने तोंडावर पदर घेतला. शर्यतीत त्याचा नंबर शेवटून दुसरा आला, पण घरी पोहोचेपर्यंत तो नव्या ब्रेकबद्दलच बोलत राहिला.