जिन्यावरची खडूची भुकटी

मनोऱ्यातल्या मोठ्या घड्याळाला दर मंगळवारी चावी द्यावी लागे आणि गेली एकतीस वर्षं ते काम काटेकाका करत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं, बाकी कुणाच्या तोंडी नव्हतं. शहाण्णव पायऱ्या चढायच्या आणि वर लोखंडी हँडल एकशे चाळीस वेळा फिरवायचं. मग जाड तारेला लटकलेल्या लोखंडी चकत्या मनोऱ्याच्या पोकळीतून वर येत आणि पुढचे सात दिवस सावकाश खाली उतरत घड्याळ चालवत. घड्याळाचं सगळं गुपित एवढंच.

पण गेल्या पाच महिन्यांत हँडल जड झालं होतं.

काटेकाकांचा एक नियम होता : काही बिघडलं की आधी यंत्रावर संशय घ्यायचा. त्यांनी सगळ्या दात्यांना तेल दिलं. तार पुसली, पुन्हा तेल दिलं. हँडल जडच. पूर्वी ते एका दमात सत्तर फेरे मारत. आता वीस झाले की छातीवर कुणीतरी पाट ठेवल्यासारखं व्हायचं आणि भिंतीला टेकावं लागायचं. पायऱ्याही उंच वाटायला लागल्या होत्या. दगडाच्या पायऱ्या उंच होत नाहीत, हे त्यांना कळत होतं. म्हणूनच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. कुणीतरी वर जाऊन वजनं वाढवत होतं.

कुणीतरी म्हणजे कोण, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. इमारतीचा नवा व्यवस्थापक. आल्या आल्या त्यानं मनोऱ्याची दुसरी किल्ली मागून घेतली होती. वर हसून म्हणाला होता, "काका, इथे मोटर बसवली तर तुमचे श्रम वाचतील."

"माझे श्रम माझ्यापाशीच राहू द्या, साहेब," काका म्हणाले होते.

त्यानंतर त्यानंच सगळ्या कामगारांची वार्षिक तपासणी ठेवली. डॉक्टरांनी काकांच्या छातीला नळी लावली ती लावूनच ठेवली. मग पडद्यावर हृदय दाखवणारी तपासणी झाली. "हृदयातून रक्त बाहेर जाण्याच्या वाटेवर एक झडप असते," डॉक्टर म्हणाले. "तुमची ताठ आणि अरुंद झाली आहे. ऑपरेशन करून ती बदलावी लागेल. चढताना धाप लागते? छाती आवळते? कधी चक्कर?"

"छे," काका म्हणाले.

डॉक्टर व्यवस्थापकानं आणलेला, रिपोर्ट व्यवस्थापकाच्या टेबलावरून आलेला. कुठे पाणी मुरतंय ते न कळायला काका दूधखुळे नव्हते. रिपोर्ट त्यांनी कपाटात घड्या घातलेल्या रुमालांखाली सारला. रात्री आडवं झालं की जीव घाबरायचा, म्हणून एक उशी वाढवली. मग आणखी एक.

"तीन उश्या?" त्यांची थोरली बहीण म्हणाली. ती निवृत्त शिक्षिका. भावाजवळच राहायची आणि अजूनही गल्लीतल्या पोरांना गणित शिकवायची.

"कापूस दबलाय, ताई."

"तिन्हींतला?"

काकांनी विषय बदलला. "तुझ्याकडे खडूचे तुकडे आहेत ना डबाभर? मला हवेत. कुटून."

ताईंनी भुवया उंचावल्या, पण डबा दिला.

सोमवारी संध्याकाळी इमारत बंद झाल्यावर काका टेकत टेकत मनोऱ्यात चढले. वजनांच्या चकत्या मोजल्या. नऊ. पूर्वीही नऊच होत्या. मग वरून खाली उतरताना त्यांनी प्रत्येक पायरीवर खडूची भुकटी चाळणीनं पेरली आणि दाराला कुलूप घातलं. आता बघू, साहेब, तुमचे बूट कसे लपतात ते.

मंगळवारी पावणेनऊला ते परत आले. ताईही आल्या, डबा न्यायच्या निमित्तानं, आणि अंगणातल्या बाकावर बसल्या. दार उघडून काकांनी टॉर्च मारला. भुकटी जशीच्या तशी. ते एकेक पायरी तपासत चढू लागले. पहिला टप्पा स्वच्छ, दुसरा स्वच्छ. तिसऱ्या टप्प्यावर जरा अंधारल्यासारखं झालं, छाती आवळली, त्यांनी कठडा धरला. मग पुन्हा चढले. वरपर्यंत एकही ठसा नव्हता.

वर पोचल्यावर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि दचकले. नऊ वाजून सहा मिनिटं झाली होती. नऊचे ठोके मात्र पडलेच नव्हते. मनोऱ्याच्या आत उभ्या माणसाला ते ठोके ऐकू आले नाहीत असं कसं होईल? म्हणजे ठोक्यांच्या यंत्रालाही कुणीतरी हात लावला होता.

चावी तशीच ठेवून काका खाली निघाले, आणि तिसऱ्या टप्प्यावर त्यांना चोर सापडला. भुकटी फरफटली होती. भिंतीवर पंजाचा ठसा होता, खाली रुंद लांबट डाग. कुणीतरी इथे आडवं पडलं होतं. ते वर असताना आलं, पडलं आणि पळालं.

"ताई," दारातून बाहेर येत ते धापा टाकत म्हणाले, "तू साक्षीदार. आत्ता कोण आत गेलं?"

"तुझ्याशिवाय कुणी नाही. मी दारासमोरच बसलेय."

"नीट आठव. वर कुणीतरी लोळलंय. शिवाय ठोके बंद पाडलेत. नऊ वाजले, एकही पडला नाही."

ताई बाकावरून उठल्या. "पडले," त्या म्हणाल्या. "मी मोजले. पूर्ण नऊ."

"शक्यच नाही."

"तू वळ बघू जरा."

काका वळले. ताईंनी त्यांच्या खांद्यापासून कमरेपर्यंत हात फिरवला आणि तळवा त्यांच्यासमोर धरला. तळवा पांढरा झाला होता. त्यांनी काकांची टोपी काढली. मागची बाजूही पांढरी होती.

"चोर पकडलास," त्या म्हणाल्या. आवाज शाळेतलाच होता. "तू पडला होतास, आणि तुला ठाऊकही नाही. नऊ ठोके वाजेपर्यंत तू शुद्धीत नव्हतास. आता मला एकेक खरं सांग. धाप?"

"पाच महिने."

"छाती?"

"चढताना."

"उश्यांचं मला कळलंच होतं. डॉक्टर काय म्हणाले?"

काकांनी रुमालांखालच्या रिपोर्टचं सांगितलं. त्यांना बाकावर बसवून ताई थेट व्यवस्थापकाच्या खोलीत गेल्या आणि पाच मिनिटांत व्यवस्थापक स्वतःची गाडी घेऊन आला. वाटेत काका आरशातून त्याच्यावर डोळा ठेवून होते.

डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली. काका म्हणाले, "मला ऐकवा."

"काय?"

"आवाज. एकतीस वर्षं यंत्राचे आवाज ऐकतोय. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मी एक स्क्रू बदलत नाही."

डॉक्टरांनी नळीची टोकं त्यांच्या कानांत दिली. काकांनी डोळे मिटले. दोन स्वच्छ ठोक्यांची त्यांची अपेक्षा होती. पण दोन ठोक्यांच्या मध्ये काहीतरी खरवडत होतं, लोखंडावर कानस फिरवावी तसं. त्यांनी बराच वेळ ऐकलं. मग नळी परत दिली.

"तेल देऊन भागणार नाही म्हणता?"

"गोळ्यांनी ही झडप उघडत नाही," डॉक्टर म्हणाले. "लक्षणं नसती तर थोडं थांबून लक्ष ठेवलं असतं. तुम्हाला धाप आहे, छाती आवळते, आज शुद्ध गेली. आता प्रत्येक आठवडा धोक्याचा. आजच दाखल व्हा."

"मंगळवार आहे. चावी राहिलीय."

"मी देतो," व्यवस्थापक दारातून म्हणाला.

काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग खिशातून मनोऱ्याची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. दुसरी त्याच्याकडे होतीच, तरीही. "एकशे चाळीस फेरे. मोजायचे. मध्येच गप्पा मारायच्या नाहीत."

झडप त्याच आठवड्यात बदलली. पुढच्या मंगळवारी काका खाटेवर टेकून बसले होते, पाठीशी एकच उशी. ताई शेजारी पोरांच्या गणिताच्या वह्या तपासत होत्या. व्यवस्थापक सरळ मनोऱ्यातून आला होता. हाताला तेल होतं.

"झाली चावी, काका. एकशे चाळीस."

"कितीदा थांबलास?"

"दोनदा."

"आणि जड वाटलं?"

"तसं काही खास नाही."

काकांनी ताईंकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "यानं चकत्या काढल्या असणार. घरी गेलो की पुन्हा मोजायला हव्यात."

"डॉक्टर चढ म्हणतील तेव्हा," वहीवरून नजर न काढता ताई म्हणाल्या. "तोवर मी जाऊन मोजून येईन."