बाराव्या पानाची वाट

मी एक जुनी हस्तलिखित पोथी आहे. वय विचारू नका, मलाच आठवत नाही. मित्रांनो, मला लिहिलं एका शिक्षकांनी. त्यांचं म्हणणं असं, की शंका हा मनाचा रोग नव्हे. शंकेशिवाय ज्ञानाला सुरुवातच होत नाही. पण त्या काळची रीत होती, आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, मग त्याला उत्तर द्यायचं. समोरच्याच्या त्या म्हणण्याला पूर्वपक्ष म्हणतात. गुरुजींनी तो इतका मनापासून मांडला की माझी पहिली अकरा पानं शंकेला नावं ठेवण्यातच गेली!

"अहो, लोकांना हेच तुमचं मत वाटेल," त्यांची बायको म्हणायची.

"वाचणारा बारावं पान उलटेलच की!" गुरुजी हसायचे.

उलटतोय कसला! पुढे मी एका ग्रंथालयात आले. तिथल्या नोंदी करणाऱ्या काकांनी दहा पानं चाळली आणि कार्डावर लिहून टाकलं, 'शंकेचं खंडन. लेखक अज्ञात.' झालं! चाळीस वर्षं मी शंकेच्या विरोधकांच्या कपाटात. कुणी गुरुजींचा ग्रंथ मागायला आलं की काका सांगत, "तो हरवला." अहो, मी इथे हाताच्या अंतरावर होते! फार जीव तुटायचा.

मग एक संशोधक बाई आल्या. पाच वर्षं त्या गुरुजींना शोधत होत्या. दुसऱ्या कुणाच्या ग्रंथात आलेलं गुरुजींचं एक वाक्य, एवढाच त्यांच्याजवळ धागा. महिन्याभरात काही मिळालं नाही तर विषय सोडा, असं त्यांच्या सरांनी बजावलं होतं.

"निदान त्यांच्या विरोधकाचं तरी वाचते," म्हणत त्यांनी माझी दोरी सोडली. सहावं पान, नववं पान. "काय छान भांडतोय हा!" अकरावं संपलं. बाईंनी घड्याळ पाहिलं. उठू नका हो बाई! त्यांनी चष्मा पुसला आणि पान उलटलं.

'असं समोरचा म्हणतो. आता माझं ऐका.'

पुढे तेच वाक्य सापडलं, आणि शेवटच्या पानावर गुरुजींचं नाव. बाई ओरडल्याच, "काका, इकडे या!"

काकांनी वाचलं. चेहरा पार उतरला. "चाळीस वर्षं लोकांना मीच परत पाठवलं गं." त्यांनी कार्डावरचं 'अज्ञात' खोडून गुरुजींचं नाव लिहिलं.

मित्रांनो, कुणाचंही म्हणणं अर्ध्यात सोडू नका, एवढंच मागणं. माझ्या कपाटात अजून सत्तर पोथ्या बांधलेल्या आहेत. काका आता रोज एक सोडतात. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, आणि मगच कार्डाला हात लावतात.