रस्त्यापलीकडचा दोर

मित्रांनो, मी एक जुना झेंड्याचा खांब आहे. खांबाने उभं राहावं, एवढीच जगाची त्याच्याकडून अपेक्षा असते. पण मी मधली तीन वर्षं गवताच्या कोठारात आडवा पडून होतो, अंगावर कोंबड्या बसवून घेत. का पडलो, ते सांगायचं तर मुळापासून सुरुवात करावी लागेल.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, क्वेबेकच्या शिवेलगत, ग्लेन अर्डा नावाचं खेडं आहे. तिथल्या दलदलीत मी टॅमरॅकचं झाड म्हणून वाढलो. दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी अँगस मॅक्रे नावाच्या शेतकऱ्याने मला तोडलं, सोललं आणि जवसाचं तेल पाजलं. त्याचा धाकटा भाऊ इटलीत मारला गेला होता. त्याच्या आठवणीसाठी अंगणात झेंडा लावायचा होता.

दोन बुटके ओंडके जमिनीत पुरून, त्यांच्यामध्ये लोखंडी खिळीवर मला अडकवलं. असा खांब एकट्या घराला उभा करता येत नाही. एकाने घराच्या बाजूने दोर ओढायचा आणि दुसऱ्याने रस्त्याच्या बाजूने दुसरा दोर ताणून धरायचा. नाहीतर खांब वर येतो तो थेट ओढणाऱ्याच्याच बाजूला आडवा होतो. रस्त्यापलीकडे लाबेल राहायचे. घरात फ्रेंच बोलणारे, चर्च वेगळं, आणि मतपेटीपाशी तर सरळ विरोधक. म्हातारा लाबेल न बोलावता आला आणि त्याने दुसरा दोर धरला.

आमच्याकडे हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि पुरलेल्या प्रत्येक वस्तूला वर ढकलते. वसंतात बघावं तर मी दारुड्यासारखा कललेला. म्हणून दर मे महिन्यात, ब्रिटनच्या एका जुन्या राणीच्या वाढदिवसाच्या सुटीच्या सोमवारी, दोन्ही घरं मला खाली घेत, ओंडके ओळंब्यात आणत आणि पुन्हा उभं करत. मॅक्रे म्हणत, "राणीचा दिवस." लाबेल म्हणत, "राणी कुठे दिसली? तिला सांग, दोर धरायला ये."

पासष्ट साली सरकारने नवा झेंडा आणला, मेपलच्या लाल पानाचा. अँगस कट्टर काँझर्व्हेटिव्ह, म्हणजे परंपरा राखणाऱ्या पक्षाचा. कोपऱ्यात ब्रिटनची खूण असलेल्या जुन्या झेंड्याखाली त्याचा भाऊ मेला होता. तो भडकला. "हा झेंडा म्हणायचा? हे तर मेपलच्या पाकाच्या डब्यावरचं लेबल!" त्याने जुना उतरवला, नवा चढवला नाही. दोन वर्षं मी उघडाबोडका उभा होतो. मग देशाच्या शंभराव्या वर्षी म्हातारा लाबेल काखेत नवा झेंडा मारून आला. अँगसने तो बराच वेळ उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "ठीक आहे. पुढचं सरकार येईपर्यंत राहू दे."

पुढची कितीतरी सरकारं आली, त्यातली काही त्याच्याच पक्षाची. झेंडा राहिला. अँगसचा मुलगा हेक्टर तर त्या पानाला पावसाचा थेंब लागू देईना. परंपरा राखणाऱ्या माणसांची ही गंमत मी जवळून पाहिली आहे: नव्या पाहुण्याला ती दारात अडवतात, आणि तो एकदा आत येऊन बसला की त्याच्यासाठी काठी घेऊन त्याच दारात उभी राहतात. मी हसतो, पण नावं ठेवत नाही. मलाही कुणीतरी राखलंच ना?

हेक्टर आणि म्हाताऱ्या लाबेलचा मुलगा फर्नांड, दोघं माझ्या सावलीत वाढले. हेक्टर बापाच्याच काँझर्व्हेटिव्ह, म्हणजे निळ्या पक्षाचा, फर्नांड विरोधी लाल पक्षाचा. निवडणुकीच्या दिवशी दोघं एकाच गाडीतून मत द्यायला जात, एकमेकांचं मत खोडून येत आणि परतताना ओडेटच्या, म्हणजे फर्नांडच्या बायकोच्या हातची, मांसाचं सारण भरून भाजलेली पाई खात.

"गेलोच नसतो तरी निकाल तोच लागला असता," हेक्टर म्हणे.

"मग पाई कुणी दिली असती तुला?" ओडेट म्हणे.

त्र्याण्णव साली हेक्टरच्या पक्षाला अख्ख्या देशात दोन जागा मिळाल्या. फर्नांड अंगणात आला, टोपी काढून माझ्यापाशी उभा राहिला. "दोनच? म्हणजे तुमच्या पक्षाची बैठक आता माझ्या ट्रकमध्ये होईल." हेक्टर आधी चिडला, मग त्याला हसू फुटलं. पुढे पक्षाने दुसऱ्या पक्षाशी घरोबा केला, नाव बदललं. हेक्टर संध्याकाळी माझ्या बुडाशी बसून म्हणायचा, "पक्ष माझा आहे की मी पक्षाचा, कळेना झालंय. आमचे लोक पूर्वी 'राखा' म्हणायचे. आता नुसतं 'पाडा' म्हणतात." मी लाकूड. ऐकून घ्यायचो.

मग तो हिवाळा आला. करोनाच्या साथीच्या नियमांना कंटाळलेले ट्रकवाले निषेध करायला राजधानीकडे निघाले. हेक्टरला त्यांचं थोडं पटत होतं; त्याने हमरस्त्यावर जाऊन त्यांना कॉफीही पाजली. त्याच्या पुतण्याने, क्रेगने, माझ्यावर मेपलच्या पानाखाली आणखी एक फडकं चढवलं. त्यावर पंतप्रधानांना मोठ्या अक्षरांत शिवी होती. हेक्टरने वर पाहिलं, तोंड वाकडं केलं, आणि घरात गेला. "चार दिवस मिरवेल नि काढेल," एवढंच म्हणाला. फडकं महिनाभर राहिलं.

फर्नांडची मुलगी राजधानीच्या इस्पितळात नर्स. कामावर जाताना, तोंडावर मास्क दिसला म्हणून, आंदोलनातल्या लोकांनी तिला तीच शिवी दिली होती. फर्नांड बर्फ तुडवत आला.

"हेक्टर, हा खांब माझ्या बापानेही उभा केलाय."

"अंगण माझं आहे," हेक्टर म्हणाला.

फर्नांडने मान डोलावली. "हो. ते खरंच." आणि तो गेला.

मित्रांनो, एवढंच झालं. ना हाणामारी, ना कोर्टकचेरी. मे महिन्यातल्या सोमवारी रस्त्यापलीकडचं दार उघडलं नाही. हेक्टरने दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग एकट्याने दोर ओढला. मी वर आलो, त्याच्याच बाजूला झुकलो, आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडून जमिनीवर आपटलो. माझ्याही बुडाला चीर गेली. त्याने मला कोठारात ठेवलं. पुढे प्रांताच्या दोन निवडणुका झाल्या. दोघं दोन गाड्यांतून जाऊन एकमेकांचं मत खोडून आले. पाई कुणी खाल्ली नाही.

मग दक्षिणेकडच्या बलाढ्य शेजारी देशाने जाहीरपणे म्हटलं, तुम्ही आमचंच एक राज्य का होत नाही? गावात घराघरावर झेंडे लागले. हेक्टर कोठारात येऊन माझ्यावरची धूळ झटकत होता, तेव्हा क्रेग दारात उभा राहून म्हणाला, "काका, काय बिघडलं झालो तर? डॉलर त्यांचा भारी, कर कमी."

"तुझ्या आजोबांचा भाऊ कशासाठी मेला?"

"ते जुनं झालं, काका."

"जुनं झालं?" हेक्टरचा आवाज चिरकला. "जुनं राखायला म्हणून तर मी या पक्षात आलो, गाढवा!"

क्रेग गेला. ऐंशी वर्षांचा हेक्टर माझ्यावर बसून राहिला. त्याला मला उभं करायचं होतं, आणि दुसरा दोर रस्त्यापलीकडे होता. तो रस्ता वीस पावलांचा. तो ओलांडायला त्याला तीन दिवस लागले.

चौथ्या दिवशी, म्हणजे देशाच्या निवडणुकीच्या मतदानाच्याच दिवशी, तो गेला. त्यांचं बोलणं कोठाराच्या उघड्या दारातून मला ऐकू येत होतं.

"चिखल बाहेर झाड," ओडेट म्हणाली. जणू काल येऊन गेला होता.

"खांब उभा करायचाय," हेक्टर म्हणाला. "दुसरा दोर धरायला कुणी नाही."

फर्नांड काठी टेकत पायरीवर आला. "ते फडकं कुणी लावलं होतं?"

क्रेगचं नाव हेक्टरच्या जिभेवर असणार. ते खरंही होतं. हेक्टर म्हणाला, "मी. उतरवलं नाही, म्हणजे मीच लावलं."

फर्नांड एक पायरी खाली उतरला. मग म्हणाला, "मुलगी अजून विसरलेली नाही. मीही नाही."

"विसर म्हणायला आलो नाहीये."

"दोर कुठाय?"

त्या दुपारी हेक्टरने घराच्या बाजूने ओढलं, फर्नांडने रस्त्याच्या बाजूने ताणलं, आणि मी करकरत वर आलो. नंतर दोघं एकाच ट्रकमधून मत खोडायला गेले. निळा पक्ष हरला. फर्नांडने टोमणा मारला नाही, आणि तेच हेक्टरला जास्त लागलं.

मित्रांनो, मी उभा आहे. पण बुडाची चीर बुजलेली नाही. माणसं मला विचारत नाहीत, तरी सांगतो: मला एका बाजूच्या दोराने कधीच उभं ठेवलं नाही. विरुद्ध बाजूला ताणणाऱ्या माणसाला सांभाळा. तो सुटला की आपणच ओढलेला खांब आपल्या खांद्यावर येतो. आता पुन्हा जमीन गोठू लागली आहे. वसंतात मी कललेला असणार, यात शंका नाही. त्या सोमवारी मी रस्त्यापलीकडच्या दाराकडे बघत राहीन. दोघंही थकले आहेत. तुमच्यापैकी कुणी तिथून जात असाल, तर गाडी थांबवा आणि एक दोर धरा. कुठल्याही बाजूचा.