धुण्याचा अर्धा तास

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, आणि मी रागावलो आहे.

सुताराने मला संगणक विभागाच्या या वर्गात ठोकले, त्याला बावीस वर्षे झाली. त्यातली अठरा वर्षे बाईंनी माझ्यावर ऑपरेशन्स रिसर्च शिकवले. म्हणजे हाताशी आहे तेवढ्यातच काम उत्तम कसे बसवायचे, त्याचे गणित. बाई आधी सगळ्या अटी लिहून घेत, उत्तर शेवटी. एखादी अट सुटली की खडू माझ्यावर आपटत. त्या खुणा मी आजही मिरवतो.

मग नवे विभागप्रमुख आले. "बाई, गणित संगणक सोडवतो. पोरांना हाताने कशाला राबवता?" म्हणाले, आणि विषयाचे तास निम्मे केले. अटी मांडणे गेले, बटण दाबणे उरले. माझ्यावर महिनोन्महिने फक्त वायफायचा पासवर्ड होता.

त्या वर्षी एका मुलीने प्रकल्प म्हणून शेजारच्या रुग्णालयाच्या डायलिसिसचे वेळापत्रक बनवले. यंत्रे पाच, दिवसाला रुग्ण पंधरा. पडद्यावर सगळे चपखल बसले.

"तिथल्या नर्सशी बोललीस का?" बाईंनी विचारले.

"उत्तर आलंय ना, मग झालं तर," प्रमुखच मध्ये बोलले, आणि त्यांनी तिची पाठ थोपटली.

रुग्णालयाने ते वेळापत्रक लावले. तिसऱ्या दिवशी आमचे शिपाईकाका वर्गात येऊन उभे राहिले.

"एक माणूस झाला की यंत्र धुवायला अर्धा तास लागतो," ते मुलीला म्हणाले. "ते तू धरलंच नाहीस. पाळी संपली म्हणून शेवटच्या पाचांना घरी पाठवलं. त्यात माझी बायको होती. सकाळी तिला श्वास घेता येईना. आता अतिदक्षता विभागात आहे."

प्रमुख म्हणाले, "मार्क देऊन झालेत, आता विषय नको." माझे लाकूड तडकले नाही एवढेच.

बाईंनी मुलीच्या हातात खडू दिला. ती चार दिवस वॉर्डात नर्सच्या मागे मागे फिरली. परत येऊन तिने मला काठोकाठ भरले. चौदा अटी. उत्तर आले दहा रुग्ण. उरलेल्या पाचांना दुसऱ्या रुग्णालयात पाठवायचे.

"पंधराचे दहा? ही कसली प्रगती?" प्रमुखांनी विचारले.

"साहेब, या दहांना कुणी दारातून परत पाठवणार नाही," काका म्हणाले.

त्यांची बायको नऊ दिवसांनी घरी आली. मुलीने माफी मागितली. "आधी विचारायचं होतंस," एवढेच बोलून काका बाके पुसू लागले.

विषयाचे तास मात्र आजही निम्मेच आहेत. या आठवड्यात मला काढून इथे मोठा पडदा लावणार आहेत. खुशाल लावा. पण मित्रांनो, ते तास परत मागा. उद्या तुम्हीही कुणाच्या तरी रांगा ठरवाल. त्याआधी एकदा त्या रांगेत जाऊन उभे राहा. शिकवायला बाई अजून आहेत. त्यांच्या निवृत्तीला दोनच वर्षे उरली आहेत.