गोमूचा पाण्याकडे ओढा

"बाबा, पोट आत. अजून. अजून! कासोटा सुटला ना गोमूचा, तर मुलुंडभर वाट लागेल आपली."

"श्वास कोंडून मेलो तर गोमू कोण होणार? तू?" असं म्हणत बाबांनी पोट आत घेतलं आणि मी हिरव्या नऊवारीचा कासोटा गच्च खेचून मागे खोचला.

"झाले असते की. पण दत्ताराम काका झांज द्यायलाच केवढे रडले!"

"मोठ्या माणसाला असं बोलतात?" ओट्यापाशी पोळी लाटता लाटता आई ओरडली. मग वळून बघितलं आणि तिचा आवाजच बदलला. "पण निऱ्या झकास घातल्यास हां. मला नाय जमत अशा."

आईनं तोंडावर कौतुक करणं म्हणजे आमच्याकडे बक्षीस समारंभच. मी दोन फूट तरी उंच झाले असेन.

होळीच्या दिवशी आमच्या भांडुपच्या खोलीत जायफळाचा, गुळाचा आणि बाबांच्या पावडरीचा असे तीन वास एकत्र येतात. पहाटेपासून आई पुरण वाटत असते. बाबा सकाळीच मिशी उतरवतात. वर्षातून फक्त तेव्हा त्यांचा वरचा ओठ दिसतो, आणि तो इतका मऊ आणि गोरा असतो की आपण कुणा दुसऱ्याच माणसाकडे बघतोय असं वाटतं.

दुसरं माणूसच असतं ते. आमच्या गुहागरकडच्या शिमग्यात खेळे घरोघर जातात. काळ्या कपड्यांतला, लांब दाढीचा संकासुर पोरांना पळवतो, ढोल वाजतो, आणि मध्ये नाचते ती गोमू. गोमू नेहमी पुरुषच होतो. पण एकदा घुंगरू बांधले की बाबा लवू नाहीत, कुणाचे नवरे नाहीत, कुणाचे बाबा नाहीत. गोमू बोलत नाही. एका दारात ढोल सुरू झाला की फेरा पुरा होईपर्यंत ढोल थांबवायचा नाही आणि गोमूनं पाय थांबवायचे नाहीत. अर्धा राहिलेला फेरा त्या घराला बाधतो म्हणतात. शेवटी बायका गोमूची ओटी भरतात, पाया पडतात, आणि त्यानंतरच दिवसभराचा उपास सोडायला तिला पुरणपोळी मिळते.

सातवीत असताना मला या सगळ्याची इतकी लाज वाटायची की ढोल ऐकू आला की मी संडासाच्या रांगेत जाऊन उभी राहायचे. आता मी नववीत आहे. आता मला लाज वाटते ती त्या रांगेची. आणि या वर्षी मी सरळ दत्ताराम काकांकडे गेले. ते आमचे गाणारे.

"काका, झांज मी वाजवणार."

"पोरगी? खेळ्यांत? आजवर कदी झाला नाय असा."

"नाचणारी बाई चालते, ती पण मिशी काढून आलेली. मग वाजवणारी खरी मुलगी का नाही चालत?"

विशाल, आमचा ढोलवाला, इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. काकांनी झांज दिली. वर म्हणाले, "तोंड नाय वाजवायचा, फक्त झांज."

वर्षाचे उरलेले दिवस बाबा मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीत पंप चालवतात. सात मजले, दोन विंग, छप्पन्न घरं. जमिनीखालच्या टाकीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, सकाळ-संध्याकाळ. टाकी भरायला बरोबर चाळीस मिनिटं लागतात. बावीस वर्षांत गच्चीवरची टाकी एकदाही वाहिली नाही. पाण्याला रजा नसते, म्हणून बावीस वर्षांत बाबांना गावचा शिमगाही मिळाला नाही. त्यांच्यासारखेच रजा न मिळणारे चारजण जमवून त्यांनी इथेच खेळे सुरू केले.

जानेवारीत सोसायटीनं ऑटोमॅटिक सेन्सर बसवला. वेळ झाली की पंप आपोआप सुरू, टाकी भरली की आपोआप बंद. एकतीस मार्चपर्यंत बाबांनी नुसती देखरेख करायची, एक एप्रिलपासून यायचं नाही. बाबा रोजच्यासारखे कामाला जात राहिले. मागच्या आठवड्यात सेक्रेटरी श्यामकांत काका पंपरूमच्या दारात येऊन उभे राहिले. ते म्हणाले, "लवू, आता शेवटचे दिवस, मन नाही लागणार तुमचं. टाकी-बिकी वाहिलीच एखाद वेळी, तर आम्ही समजून घेऊ हं."

त्या रात्री बाबांनी ताट बाजूला सारलं.

"अहो, चांगल्या मनानं बोलले असतील," आई म्हणाली.

"चांगल्याच मनानं," बाबा म्हणाले. "शिवी दिली असती तर परवडली असती. एकदा जरी वाहिली ना शेवंती, तर बावीस वर्षं कुणाला आठवणार नाहीत. जाता जाता मुद्दाम केलं म्हणतील."

तर आम्ही सव्वासातला सोसायटीच्या फाटकातून आत शिरलो. दोन विंगच्या मधल्या फरसबंद अंगणात. बाहेर होळी रचलेली होती, पोरं गच्चीवरून पाण्याचे फुगे टाकत होती आणि संकासुरानं आत येताच तिघांना रडवलं. दत्ताराम काकांनी आवाज लावला, विशालनं ढोलावर टिपरी टाकली, माझी झांज खणखणली. आणि बाबा नाचायला लागले.

मला हे नीट सांगता यायला हवं. बाबा एरवी भिंतीच्या कडेकडेनं चालतात. समोरून कुणी आलं की आधी हेच बाजूला होतात. पण गोमू अंगणाच्या बरोबर मध्ये येते, मान वाकडी करते, पदर दोन बोटांत धरते आणि छप्पन्न घरांच्या खिडक्या आपल्याकडे वळवून घेते. श्यामकांत काका मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. त्यांची आई, जयंती आजी, ओटीचं ताट मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती. दरवर्षी खेळ्यांना तिच्याकडचीच पोळी असते, वाटीभर कटाच्या आमटीबरोबर.

आणि मध्येच बाबांच्या पावलात काहीतरी बदललं.

ढोल तोच, ताल तोच, पण बाबांची टाच फरशीवर टेकून क्षणभर तिथेच राहायला लागली, जसं डॉक्टर छातीवर नळी ठेवून थांबतात. मी पण अनवाणी होते. मी टाच टेकवली. फरशीखाली गुरगुर होती. जमिनीतली टाकी बरोबर आमच्या पायाखाली, आणि तिथून पाणी ओढणारा पंप अजून चालू.

मी लॉबीतल्या घड्याळाकडे बघितलं. पंप सुरू होतो पावणेसातला. घड्याळात सात सव्वीस झाले होते.

सेन्सर अडकला होता.

ओरडू? ढोलात कुणाला ऐकू जाणार! आणि पंपरूमची चावी बाबांच्या कमरेला, मीच नेसवलेल्या नऊवारीच्या आत. बाबा बोलू शकत नव्हते. थांबू शकत नव्हते. या घरांना बाधेल असं काही बाबा करणं शक्यच नव्हतं, आणि टाकी वाहू देणंही शक्य नव्हतं.

मग गोमूनं गिरकी घेतली आणि नाचत नाचत निघाली. सरळ बी विंगच्या दिशेनं.

"अरे, खुटं चालला हा?" गाता गाताच काका पुटपुटले. विशाल गोंधळला, त्याचा हात मंदावला. माणसं वाट अडवून उभी होती, कुणी सेल्फी घेत होतं. ढोल आता तुटणार, अगदी तुटणारच. आणि काकांनी मला तोंड वाजवायला मनाई केली होती.

मी वाजवलं.

"वाट सोडा हो, वाट सोडा,
गोमूचा पाण्याकडे ओढा!"

माझा आवाज बी विंगवर आपटून परत आला. एवढा मोठा आवाज माझ्यात होता हे मलाही माहीत नव्हतं. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पायानं फरशी दाखवली आणि मानेनं पंपरूम. चाळीस वर्षं गाणारा माणूस तो. एका श्वासात समजला, आणि पुढची ओळ त्यांनीच फेकली.

"सात मजल्यांची तहान मोठी,
गोमूच्या हाती पाण्याची गोटी!"

पाण्याची गोटी म्हणजे काय, ते काकांनाही सांगता येणार नाही. पण विशालचा ढोल असा उसळला की माणसं आपोआप बाजूला झाली. पुढे गोमू, मागे मी, काका, विशाल, संकासुर, आणि त्यामागे ही सगळी सोसायटी. पोरं टाळ्या पिटत होती. सगळ्यांना वाटलं, या वर्षी नवीन काहीतरी बसवलंय.

बी विंगच्या मागे, मीटरच्या खोलीपलीकडे, तीन पायऱ्या उतरून पंपरूम आहे. तिथे सोसायटीतलं कुणी येत नाही. बाबांनी एका हातानं पदर नाचवत दुसऱ्या हातानं कमरेतली चावी काढली. कुलूप उघडलं. घुंगरू वाजतच होते. आत जाऊन सेन्सरचा खटका वर केला आणि लाल बटण दाबलं.

गुरगुर थांबली.

गच्चीच्या कठड्यावरून एक पोरगा ओरडला, "ओ काका! टाकी फुल्ल! झाकणाला लागलंय पाणी! पण सांडलं नाय!"

तेव्हा लोकांना कळलं. आधी मागच्यांना, मग पुढच्यांना, कुजबुजत. विशालनं ढोल तोडला नाही, फक्त बोटांवर आणला. दारात गर्दी झाली आणि सगळे आत बघू लागले. लाल कोब्याची जमीन, तिच्यात दिव्याचं प्रतिबिंब दिसेल इतकी पुसलेली. तेल दिलेला पंप. भिंतीवर खडूनं लिहिलेली पाण्याची वेळ, सणावारांची वेगळी, परीक्षांच्या महिन्याची वेगळी.

"पोरांच्या परीक्षांना पहाटे पाणी लवकर यायचं ते..." एक काकू म्हणाल्या आणि भिंतीवरची ती वेळ वाचू लागल्या.

श्यामकांत काका वाट काढत पुढे आले. मोबाइल खिशात गेला होता. "लवू, तुम्हाला कळलं कसं? सेन्सर तर... म्हणजे कंपनीवाला म्हणाला होता की... लवू, कळलं कसं?"

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. ओठ हललाही नाही. पाय मात्र जागच्या जागी, हलके, तालात.

"लवू, मी विचारतोय..."

"श्याम!" मागून जयंती आजी आली, एका हातात काठी, ताट धरलेलं सुनेनं. "गोमूला जाब विचारतात होय रे? फेरा चालू आहे तिचा. ओटी भरायची असते."

मग पायरी उतरायच्या आधी आजीनं चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीला धरून, एक एक करून काढल्या आणि थंड कोब्यावर पाय ठेवला. गोमूला हळदकुंकू लावलं. पदरात तांदूळ, खण, नारळ घातला आणि वाकता येईल तेवढी आजी वाकली. मग सून. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. मग ज्या मला नावानंही ओळखत नाहीत अशा कितीतरी. पंपरूमच्या पायऱ्यांवर चपला मावेनात, तशी पोरं बाजूच्या गवतात त्या नीट जोडीनं लावायला लागली.

माझे हात दुखत होते, पण झांज मी सोडली नाही. दत्ताराम काका माझ्या कानाशी वाकले. "पुढच्या वर्षी गावाला येशील काय गायाला? बापाला पण आता मोकळीक हाय." आणि आपण काय बोललो ते लक्षात आल्यासारखे ते घाईनं पुढची ओळ गुणगुणू लागले.

बायकांनंतर श्यामकांत काका राहिले. सोसायटीचा मानाचा नारळ दरवर्षी वॉचमनच्या हातून यायचा. या वर्षी तो त्यांच्या हातात होता. ते पायरीपर्यंत आले आणि अडले. त्यांच्या पायात धावायला जायचे नाडीचे बूट होते.

त्यांनी नारळ माझ्याकडे दिला, पायरीवर बसले आणि नाडी सोडायला लागले. गाठ घट्ट बसली होती. विशाल बोटांनी ताल धरून होता. आत बाबा पदर पसरून उभे होते, नाचत, वाट बघत. घाई त्यांना नव्हती.