कोऱ्या तेलाची कढई

भावाच्या वास्तूला बहिणी साडी-चोळी, भांडीकुंडी, फार तर देवाची तसबीर घेऊन जातात. उज्वला कढई घेऊन निघाली. एका पिशवीत कढई, झारा आणि चाळणी, दुसरीत दोन किलो आलू, तिसरीत शेंगदाणा तेलाची न फोडलेली पाकिटं. आर्वीच्या डेपोत एसटीत चढताना कंडक्टर म्हणाला, “काऊन ताई, तळेगावले भज्यांचं दुकान टाकता काय?” बसमधले चारजण हसले. उज्वला हसली नाही. हसण्याचा तिचा कोटा गेल्या वर्षभरात संपला होता.

शेजारी खिडकीला काजल बसली होती, तिची अकरा वर्षांची मुलगी. हा सगळा बाडबिस्तरा हिच्यासाठी.

काजलचं पोट दोन वर्षं दुखत होतं. खाल्लेलं अंगी लागेना, पोरगी काडी झाली. कुणी म्हणालं जंत आहेत, कुणी म्हणालं नजर लागली, शाळेतल्या बाई तर म्हणाल्या की गणिताच्या तासाला बरोबर दुखतं. शेवटी सेवाग्रामच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, हिला गहू सोसत नाही. गहू म्हणजे पोळी, मैदा, रवा, बिस्कीट, शेवया, सगळं बंद. कमी नाही, बंद. कणभर पोटात गेला तरी आतडं सोलून निघतं. डबीतल्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं हे उज्वलाला त्या दिवशी कळलं, आणि घरी आल्याबरोबर तिने हिंगाची डबी उकिरड्यावर फेकली.

घर सुधारणं सोपं होतं. नवरा मुकेश पहिले आठ दिवस कुरकुरला आणि मग मुकाट ज्वारीच्या भाकरीवर आला. गाव सुधारणं मात्र ब्रह्मदेवाच्या बापाला जमणार नाही. जो तो एकच वाक्य घेऊन बसलेला: थोडंसं खाल्ल्यानं काय होते? दिवाळीत शेजारणीने करंजी हातावर ठेवली, थोडंसं खाल्ल्यानं काय होते, आणि काजल तीन दिवस अंथरुणात. तेव्हापासून काजलने कुणाच्या घरी जाणंच सोडलं. वाढदिवस नाही, लग्न नाही, बारसं नाही. सगळे जेवत असताना आपण डबा उघडून भाकरी खायची, आणि मग प्रत्येकाने येऊन विचारायचं, याचा तिला वीट आला होता.

तिला एकच गोष्ट हवी होती, फ्रेंच फ्राईज. शाळेसमोरच्या गाडीवर मिळतात तसे, मोडले की आवाज येणारे. पण तो गाडीवाला त्यांना मैद्याचा हात लावून कचोरीच्या तेलात तळायचा. उज्वलाने घरी केले ते लिबलिबीत झाले. पुन्हा केले, पुन्हा लिबलिबीत. आलू म्हणजे साधी गोष्ट, पण तीही तिच्याशी वैर धरून बसली. पाच महिने झगडल्यावर तिला युक्ती सापडली: जुने आलू घ्यायचे, कापून तासभर थंड पाण्यात ठेवायचे, कापडावर कोरडे करायचे, आधी मंद आचेवर तळून गार करायचे आणि मग कडकडीत तेलात दुसऱ्यांदा. त्या दिवशी काजलने एक फ्राय कानाजवळ धरून मोडला होता.

म्हणून जेव्हा कैलासमामाच्या नव्या घराच्या वास्तूचं आवतन आलं, तेव्हा काजलने अट घातली. “मी येईन, पण पंगतीत बसीन. साऱ्यांच्या संगं. आन् माह्या ताटात फ्राईज पायजे, कुरकुरीत.”

“देईन,” उज्वला म्हणाली होती. अकरा महिन्यांनी पोरगी चार माणसांत बसायला तयार झाली होती. हे एक जेवण फसलं तर ती पुन्हा कुठे येणार नाही, हे उज्वलाला पक्कं ठाऊक होतं.

तळेगावला पोचल्यावर तिने कुणाला बोलू दिलं नाही. अंगणात आचाऱ्याची भट्टी पेटलेली, भज्यांचे घाणे निघत होते, पुऱ्यांच्या कणकेचा डोंगर पडलेला. ती त्या बाजूला फिरकलीसुद्धा नाही. वर्षाली वहिनीकडून छोटी शेगडी मागून मागच्या पडवीत मांडली. कढई घासली, पुन्हा घासली, एक पाकीट फोडून तेल ओतलं. निम्मे आलू कापून पाण्यात टाकले. मग पडवीच्या दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “या कढईले कोणी शिवू नका. हे तेल वेगळं हाये.”

“नाई शिवत व,” शालूबाई म्हणाली. शालूबाई म्हणजे उज्वलाच्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, घरातली मोठी आई. उज्वलाची आई लवकर गेली. तिची वेणी घालण्यापासून तिला सासरी पाठवण्यापर्यंत सगळं हिनेच केलं. त्यामुळे जगात सगळ्यांवर ओरडता यायचं, हिच्यावर नाही.

तेवढ्यात भटजींनी हाक मारली. भावाला ओवाळायचा मान बहिणीचा. उज्वला गेली. ओवाळणं, मग कलश, मग फोटो, मग कुणाच्या तरी नव्या सुनेची ओळख. तास गेला. परत आली तर शेगडी मंद पेटलेली होती. आपणच चालू ठेवून गेलो की काय, म्हणून तिने स्वतःलाच चार शिव्या घातल्या आणि कामाला लागली. पहिलं तळण, गार करणं, दुसरं तळण. आणि काय सांगावं, असे फ्राईज तिच्या हातून कधीच झाले नव्हते. सोनेरी, सुटे, झाऱ्यातून ताटात पडताना वाजणारे.

पंगत बसली. काजल मामाच्या पोरांच्या मध्ये मांडी घालून बसली. बाकीच्यांच्या पत्रावळीवर पुऱ्या, आलू-वांग्याची भाजी, भजी, बुंदी. काजलच्या ताटात भात, वेगळं काढलेलं बिनहिंगाचं वरण आणि फ्राईजचा ढीग. मामाची पोरं स्वतःची बुंदी सोडून तिच्या ताटाकडे बघत होती. वर्षभरात पहिल्यांदा कुणी तिच्या ताटाचा हेवा करत होतं, आणि पोरगी नुसती फुलून आली होती. नैवेद्य दाखवून झाल्याशिवाय कुणी घास घेणार नव्हतं, म्हणून सगळे हात आवरून बसले होते.

देवघरातून शालूबाई नैवेद्याचं ताट घेऊन आली. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

“उज्वला, तुह्यानं मोठं काम झालं पाय,” ती म्हणाली. “त्या आचाऱ्याच्या तेलात सकाळपासून कांद्याचे भजे चालू होते. त्यात देवाच्या पुऱ्या कशा तळू? तुहं तेल दिसलं, कोरं करकरीत. आंघोळ केली, सोवळ्यानं पाच पुऱ्या काढून घेतल्या.”

उज्वलाला क्षणभर काही कळेना. कळलं तेव्हा तिची नजर काजलच्या ताटावर गेली.

“मोठी आई, मी म्हणलं होतं न, कोणी शिवू नका.”

“म्हणूनच तं. कोणालेच शिवू देल्लं नाई. पोट्टे आले होते, त्यायलेही हाकलून देल्लं.”

वेगळं ठेवलेलं, कोरं, कुणी न शिवलेलं तेल या घरात आजवर एकाच कारणासाठी असायचं, आणि शालूबाईने तेच ओळखलं होतं. तिची चूक काढायलाही जागा नव्हती. उज्वलाने वाकून काजलच्या पुढचं ताट उचललं.

“काय करून राह्यली?” शालूबाई म्हणाली.

“त्या तेलात गहू गेला, मोठी आई. तिले चालत नाई.”

“देवाचा नैवेद्य हाये तो. त्यानं कोणी दुखण्यात पडते काय?”

“पडते. आतडं खराब होते तिचं. डॉक्टरनं लिहून देल्लं हाये, दाखवू का?”

“आमच्या काळी असे रोगच नव्हते बाप्पा,” पंगतीच्या टोकाचे नत्थूजी म्हणाले. शेजारचे म्हातारे, त्यांचं मत कुणी मागितलं नव्हतं.

“अक्का, आजच्या दिवशी राहू दे न,” कैलास हळूच म्हणाला. “चार फ्राईजनं काय होते?”

झालं, आलं ते वाक्य. भाऊसुद्धा तेच म्हणाला. उज्वलाच्या डोक्यात तिडीक गेली. वर्षभर घसा कोरडा केला, कागद दाखवले, फोनवर समजावलं, हात जोडले, आणि हाती काय, तर चार फ्राईजनं काय होते. शालूबाईचे डोळे भरले होते, वर्षालीचा चेहरा पडला होता, भुकेले पाहुणे उज्वलाकडे असे बघत होते की वास्तूत विघ्न आणलं ते हिनेच. ताट तिच्या हातातच होतं. फेकावं तर देवाचा अपमान, ठेवावं तर पोरीचा जीव.

काजलने रिकाम्या जागेकडे बघितलं, मग मोठ्या आजीकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “मोठी आजी, माहा उपास हाये.”

“अगं माय,” शालूबाई म्हणाली, “मंग आधी सांगावं न, पोरी. ताटात भात कायले वाढू देल्ला?”

आणि मग जी धावपळ उडाली ती उज्वला नुसती बघत राहिली. नत्थूजींनी आपली पत्रावळ हातभर मागे ओढली, पुरीचा तुकडा पोरीकडे उडू नये म्हणून. कैलास स्वतः कढई उचलून नळावर गेला. वर्षालीने शेगडी पुसली. शालूबाईने हात धुतले, तेलाचं दुसरं पाकीट स्वतः फोडलं आणि पहारा देत उभी राहिली. “मीठ सैंधव घेजो व,” तिने बजावलं. “आन् हळद चालते काय तिले? नाई तं राहू दे.” एका शब्दावर सगळं घर सरळ झालं होतं. डॉक्टरांचा कागद पर्समध्ये तसाच. उज्वलाला आनंद व्हायला हवा होता, पण तिला भयंकर राग आला. खरं सांगून जे मिळालं नाही, ते पोरीला खोटं बोलून मिळवावं लागलं.

उरलेले आलू पाण्यात भिजवायला वेळ कुठला. तिने तसेच कापले, तसेच तळले. काही कुरकुरीत झाले, बरेचसे वाकले. पंगत तोवर जेवून उठली होती. पडवीत काजल एकटीच जेवायला बसली, चार माणसांत बसायचं ते राहिलंच. ती वाकलेले फ्राईज बाजूला सारून कडक तेवढे शोधून खाऊ लागली.

शालूबाई तिच्याजवळ येऊन बसली. हातातल्या नैवेद्याच्या पुरीचा घास तोंडात टाकत म्हणाली, “आज तं बुधवार. कोणाचा उपास हाये व तुहा?”

“माहाच हाये.”

“दर बुधवारी करतं काय?”

“रोजच.”

“रोज?” शालूबाई हसली. “मंग सुटते कवा?”

काजलने मोडलेला फ्राय ताटात ठेवला. “सुटत नाई, आजी. मरेपर्यंत हाये.”

शालूबाईने उज्वलाकडे बघितलं. उज्वला म्हणाली, “तेच सांगून राह्यली मी वर्षभरापासून.” आवाज चढवायचं तिच्यात उरलं नव्हतं.

उरलेली पुरी बाजूला ठेवून शालूबाई उठली, मोरीवर गेली, चूळ भरली, कोपरापर्यंत हात घासून घासून धुतले, पदराला पुसले. मग परत येऊन तिने काजलच्या डोक्यावरून हात फिरवला.